सकळ लिपीचं कुलूप

मागच्या शुक्रवारी रबाळ्याच्या ऑफिसात एका मित्राने व्हाइटबोर्डवर लिहिलं: 'लभाके'. म्हणाला, ओळख! प्रत्येक व्यंजनाच्या जागी वर्णमालेतलं पुढचं व्यंजन, ळ नंतर परत क, मात्रा जशाच्या तशा. दोन मिनिटांत 'रबाळे' निघालं. मग पठ्ठ्याने अक्षरांची मनमानी अदलाबदल करून अख्खा परिच्छेद दिला. त्याला दोन चहा लागले.

युक्ती जुनीच. कोणतं अक्षर किती वेळा आलंय ते मोजायचं. बगदादच्या अल्-किंदीने हे नवव्या शतकातच लिहून ठेवलंय. मराठीच्या स्वतःच्याही खुणा आहेत. एकटंच उभं असलेलं अक्षर बहुधा 'व'. शब्दाच्या मध्ये-शेवटी सारखं दिसतं पण सुरुवातीला कधीच नाही, ते 'ण' किंवा 'ळ'.

हाच खेळ आपल्याकडे एकदा फार गंभीरपणे झाला. चौदाव्या शतकात महानुभाव पंथाच्या रवळोबासांनी 'सकळ लिपी' तयार केली. अक्षरं नागरीच, पण एकाच्या जागी दुसरं. ग्रंथ अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत म्हणून. चक्रधरस्वामींच्या आठवणींचं म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र', तेराव्या शतकातलं मराठी गद्य, अशा लिप्यांच्या आड गेलं. बाहेरच्या मराठी माणसाला ते कित्येक शतकं वाचताच येईना.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली. आमच्या रबाळ्याहून लोकलने तिसरं स्टेशन ठाणं, तिथल्या वि. ल. भाव्यांनी महानुभाव वाङ्मय 'महाराष्ट्र सारस्वत'मधून वाचकांपुढे आणलं. दोघेही १९२६ मध्येच गेले. आणि जुन्या पोथ्यांत शब्द सुटे नसतात, सलग ओळ असते. म्हणजे माझ्या वरच्या दोन्ही खुणा तिथे बाद!

आता इंजिनिअर म्हणून विचाराल, तर हे कुलूप अगदी साधं. ते टिकलं ते गणितामुळे नव्हे. पोथी बाहेर जात नव्हती आणि किल्ली जाणणारे बोलत नव्हते, म्हणून. त्याची किंमत मराठीने मोजलीच.

पण 'शोध लागला' म्हणताना एक गोष्ट आपण विसरतो. महंतांसाठी पोथी कधी बंद नव्हतीच. गुरूने शिष्याला किल्ली दिली, शिष्याने नक्कल केली, असं पिढ्यान् पिढ्या चाललं, म्हणून तर उलगडायला काहीतरी उरलं.

माझ्या कॉलेजच्या दिवसांची डायरी एका झिप फाइलमध्ये आहे. पासवर्ड मी कुणालाच सांगितला नव्हता, आणि आता मलाही आठवत नाही. वीस वर्षंसुद्धा झाली नाहीत. सहाशे वर्षांची तर बातच सोडा.

असो. परिच्छेद सुटला. पुढचा सोमवारी माझ्याकडून.