तोतोरो, गर्भगिरी आणि आईची वाट पाहणारी मुले

#थ्रेड

१) हायाओ मियाझाकी यांचा ‘माझा शेजारी तोतोरो’ हा जपानी ॲनिमेशनपट १६ एप्रिल १९८८ रोजी प्रदर्शित झाला. खेडेगाव, जुने घर, कापराचे प्रचंड झाड आणि त्यात राहणारा गुबगुबीत वनदेव, एवढे बहुतेकांच्या स्मरणात असते. मित्रहो, आज हाच चित्रपट आपण पाथर्डीच्या बाजूने, गर्भगिरीच्या डोंगरांतून पाहू.

२) कथेचा काळ १९५० च्या दशकातला. सात्सुकी आणि मेई या बहिणी वडिलांसह खेड्यात राहायला येतात, कारण आई त्या भागातील रुग्णालयात आहे. मियाझाकींच्या स्वतःच्या आईनेही क्षयरोगामुळे कित्येक वर्षे अंथरुणावर काढली होती. घरात आई नाही. त्या रिकाम्या जागेत मुलींना तोतोरो भेटतो.

३) ‘तोतोरो’ हे जपानी लोकदैवताचे नाव नव्हे. चित्रांच्या पुस्तकातल्या ‘ट्रोल’ या राक्षसाच्या नावाचा चार वर्षांच्या मेईने केलेला तो बोबडा उच्चार आहे. मात्र त्याच्या अवतीभवतीची श्रद्धा जुनी आहे. झाडाला पवित्र दोर बांधलेला आहे. हरवलेली मेई जिथे बसते, तिथे मुलांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या जिझोच्या दगडी मूर्ती आहेत. शेजारची आजी सांगते की, लहानपणी तिलाही घरातले काजळीचे जीव दिसत असत. मूल नवी कथा रचते आणि आजी तिला जुन्या परंपरेची साक्ष देते.

४) आता गर्भगिरीकडे वळू. पाथर्डी तालुक्यात मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे, शिवाय वृद्धेश्वर आहे. याच डोंगररांगेत सावरगावचे मायंबा म्हणजे मच्छिंद्रनाथांचे स्थान, मांजरसुंब्याजवळचा गोरक्षनाथ गड आणि चिंचोलीचा गहिनीनाथ गड येतो. या नाथांच्या कथा घरोघरी पोहोचल्या त्या धुंडिसुत मालू यांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ४० अध्यायांच्या ग्रंथामुळे. त्याचा रचनाकाळ शके १७४१, म्हणजे इ.स. १८१९.

५) या ग्रंथातील तीन जन्मकथा पाहा. कानिफनाथ प्रकटतात हत्तीच्या कानातून. गोरक्षनाथांच्या कथेत मच्छिंद्रनाथांनी दिलेले भस्म एक स्त्री भीतीपोटी उकिरड्यात टाकते. बारा वर्षांनी नाथ परत येऊन हाक मारतात, तेव्हा त्याच जागेतून बारा वर्षांचा मुलगा उत्तर देतो. चिखलाची गाडी करून खेळणारी मुले गोरक्षनाथांकडे गाडीवान करून मागतात. मंत्र पुटपुटत घडवलेला तो चिखलाचा गाडीवान जिवंत होतो. तेच गहिनीनाथ. पुढे एक दांपत्य त्यांचा सांभाळ करते.

६) तिन्ही कथांत मूल आईच्या कुशीतून जन्मत नाही. दंतकथेवरून जन्मसाल ठरवता येत नाही. परंतु ती ऐकणाऱ्या समाजाला कशाची धास्ती होती आणि कशाचा आधार वाटत होता, याचा अंदाज बांधता येतो. टाकून दिलेले मूल मेलेले नसते, ते कुणीतरी हाक मारण्याची वाट पाहत असते, असे या कथा सांगतात. माझ्या वाचनानुसार त्यांचा गाभा चमत्कारात नसून त्या हाकेत आहे.

७) मढीच्या परंपरेत खरीखुरी ऐतिहासिक नावेही येतात. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती पडला, तेव्हा शाहू सात वर्षांचे होते. ते येसूबाईंसह कैदेत गेले. औरंगजेबाचा मृत्यू १७०७ मध्ये अहमदनगर येथे झाला आणि त्याच वर्षी शाहूंची सुटका झाली; येसूबाईंना परतायला मात्र १७१९ साल उजाडले. शाहूंच्या सुटकेसाठी येसूबाईंनी कानिफनाथांना नवस केला आणि पुढे गडाचे बांधकाम झाले, असे मढीत सांगतात. कैद आणि सुटका हा इतिहास. नवस ही परंपरा. दोहोंची सरमिसळ करू नये, पण परंपरेने मढीशी नेमका लेकराच्या सुटकेचाच नवस जोडावा, हेही नोंदवण्याजोगे आहे.

८) पुन्हा १९५० च्या दशकात येऊ. जपानी खेड्यात सात्सुकी आणि मेई आईची वाट पाहत होत्या, तो काळ आपल्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखानदारीच्या उदयाचा. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला. कालव्याचे पाणी उत्तरेला होते; पाथर्डी पर्जन्यछायेत. तिकडे ऊस वाढला आणि इकडून तो तोडणारे हात जाऊ लागले.

९) दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन माणसे गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मोजणीच्या या एककात मुलाला जागाच नाही. ते एकतर पालांवर जाते आणि शाळा सुटते, किंवा आजी-आजोबांजवळ राहते आणि आई सुटते. गावातल्या कैक मुलांसाठी आईची वाट पाहणे हा असा दरवर्षीचा ऋतू झाला.

१०) या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, गावांत हंगामी वसतिगृहे आली. राज्य शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना जाहीर केली. तिला संत भगवानबाबांचे नाव आहे आणि भगवानगड पाथर्डी तालुक्यातच आहे.

११) चित्रपटात मांजराच्या रूपातली बस मुलींना रुग्णालयापाशी पोहोचवते. खिडकीतून हसणारी आई दिसते. मुली मक्याचे कणीस खिडकीत ठेवून परततात. आई मात्र त्या रात्री घरी येत नाही. लोककथा विरह संपवत नाही. आपले वाट पाहणे कुणाला तरी ठाऊक आहे, एवढा विश्वास ती मुलाला देते. बाकीचे काम वसतिगृहाने, शाळेने आणि मजुरीच्या दराने करायचे असते.

१२) साखरेच्या इतिहासात गाळपाचे टन सापडतात, उताऱ्याचे टक्के सापडतात. वाट पाहणाऱ्या मुलाची नोंद कोणत्याही वहीत नसते. असलीच तर ती त्याला सांगितलेल्या गोष्टीत असते. म्हणून एक विनंती. आपल्या आजीने सांगितलेली नाथांची, मुंज्याची, म्हसोबाची एखादी गोष्ट लिहून ठेवा. सोबत गाव, साल आणि ती कोणत्या दिवसांत सांगितली गेली, हेही लिहा. तेव्हा घरी कोण नव्हते, ते लिहायला विसरू नका.