स्पेनमध्ये लोकशाही नेमकी कोणी आणली?

हुकूमशहा मेला म्हणून हुकूमशाही मरत नाही. 20 नोव्हेंबर 1975 रोजी स्पेनचा जनरल फ्रँको मेला, तेव्हा त्याचे कायदे, पोलीस, न्यायाधीश आणि संसद जागच्या जागी होती. त्यानेच वारस म्हणून निवडलेला हुआन कार्लोस राजा झाला.

मग लोकशाही आली कशी? ठरलेले उत्तर असे, की वरच्या शहाण्या माणसांनी ती आणली. कायदेपंडित तोर्क्वातो फर्नांदेझ-मिरांदा यांनी मार्ग आखला: जुना कायदा मोडायचा नाही, त्यातल्याच दुरुस्तीच्या तरतुदीने तो बदलायचा. पंतप्रधान अदोल्फो सुआरेझ यांनी राजकीय सुधारणेचा कायदा आणला. 18 नोव्हेंबर 1976 रोजी फ्रँकोच्याच संसदेने 425 विरुद्ध 59 मतांनी तो मंजूर करून स्वतःचेच विसर्जन मान्य केले. डिसेंबरच्या सार्वमतात 94 टक्के लोकांनी होकार दिला. जून 1977 मध्ये निवडणूक झाली, 1978 मध्ये संविधान आले.

हे कौशल्य नाकारायचे कारण नाही. पण त्या 425 जणांना अचानक लोकशाहीचा उमाळा आला होता का? 1976 हे संपांचे वर्ष होते. मार्चमध्ये व्हिटोरिया शहरात संपावरचे कामगार चर्चमध्ये सभेला जमले. पोलिसांनी अश्रुधूर सोडून त्यांना बाहेर काढले आणि गोळीबार केला. पाच कामगार मेले. जानेवारी 1977 मध्ये माद्रिदच्या आतोचा रस्त्यावर कामगारांचे खटले लढवणाऱ्या वकिलांच्या कार्यालयात उजव्या बंदूकधाऱ्यांनी पाच जणांना ठार केले. अंत्ययात्रेला प्रचंड जनसमुदाय लोटला. बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाने तो शिस्तीत, शांत ठेवला. 9 एप्रिलला सरकारला त्या पक्षाला मान्यता द्यावी लागली. कायद्याचा मसुदा वर लिहिला गेला, पण तो लिहिणे भाग पाडले खालच्यांनी.

आणि किंमतही खालच्यांनीच मोजली. ऑक्टोबर 1977 च्या माफी कायद्याने राजकीय कैदी सुटले. ती लोकांचीच मागणी होती, डाव्यांनीही त्या कायद्याला मत दिले. पण त्याच कायद्याने छळ करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही संरक्षण मिळाले. यादवी युद्धात मारून रस्त्याकडेला पुरलेल्यांची हाडे तशीच राहिली. 2000 नंतर नातवंडे ते खड्डे उकरू लागली. त्यांच्या बाजूने पहिला व्यापक कायदा यायला 2007 उजाडले.

म्हणून स्पेनचे कौतुक जरूर करावे. फक्त एक प्रश्न सोडू नये: माफी लिहिली जात होती, तेव्हा ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना कोणी विचारले होते का?