शिवणीत सोडलेली माया

चांदरातीला आमच्या घरात सुई शोधण्याची घाई असायची. बाजारातून आणलेली पॅंट हमखास लांब निघे आणि त्या रात्री टेलरच्या दुकानात उभं राहायलाही जागा नसे. मग अम्मी मला बूट घालून उभं करायची, टाचेपाशी टाचणी टोचायची, खडूने खूण करायची. कडा आधी थोडी आत दुमडायची, मग खुणेवर पुन्हा दुमडायची, धावदोरा घालायचा आणि शेवटी तुरपाई. तुरपाईत सुई वरच्या कापडाचा एखादाच धागा उचलते, म्हणून बाहेरून टाका दिसत नाही. मी वाढत्या वयाचा, त्यामुळे जास्तीचं कापड ती कापत नसे, आतच ठेवायची. शिवणकामात त्याला 'माया' म्हणतात.

ही आठवण निघाली ती एका वाक्यामुळे. 'शिवलेले कपडे मुसलमानांनी भारतात आणले,' असं अनेकदा ऐकायला मिळतं. कुणी ते अभिमानाने सांगतं, कुणी तक्रारीच्या सुरात. इतिहास दोघांनाही दुजोरा देत नाही. अमरकोशात शिंप्यासाठी 'तुन्नवाय' हा शब्द आहे. मथुरेच्या संग्रहालयातल्या कनिष्काच्या मस्तकहीन पुतळ्याच्या अंगावर लांब अंगरखा आणि पायांत जाड बूट आहेत. तो इस्लामच्या उदयाच्या काही शतकं आधीचा आहे.

मग मुसलमानांनी काहीच दिलं नाही का? दिलं. नवे बेत, नवे पोशाख आणि त्यांचे शब्द. फारसीत 'पाय' म्हणजे पाय आणि 'जामा' म्हणजे वस्त्र, त्यातून पायजमा आला. 'दर्ज' म्हणजे शिवण, त्यावरून दर्जी. नाडी ओवायचा नेफा आणि आतलं अस्तर हेही फारसीतूनच आले. पण सुई, शिवणे, उसवणे, कात्री हे शब्द संस्कृतातून उतरलेले. म्हणजे मराठी घरात कुणी पायजम्याची दुमड शिवायला बसलं, की दोन्ही परंपरा एकाच डब्यातून बाहेर निघतात.

कारागिरांचंही तसंच. उत्तर भारतातले मुस्लिम दर्जी स्वतःला इद्रिसी म्हणवतात, कारण परंपरेनुसार हजरत इद्रिस यांनी सर्वप्रथम कपडे शिवले. महाराष्ट्रातला शिंपी समाज संत नामदेवांचा. नामदेवांची जी पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यांतल्या एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा भक्तीची साधनं होऊन येतात. दोघांनीही सुईला पवित्र मानलं.

पुढे यंत्र आलं. १८५१ साली अमेरिकेत आयझॅक सिंगरने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि काही वर्षांतच त्याच्या कंपनीने हप्त्यांवर विक्री सुरू केली. भारतात १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' मशीन बनवायला घेतली. यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं.

या यंत्राने पुरुषांच्या दुकानातलं काम घरातल्या बाईच्या हाती दिलं. पडद्यात राहणाऱ्या कितीतरी बायकांनी उंबरठा न ओलांडता शेजारपाजारचे कपडे आल्टर करून मुलांच्या फिया भरल्या. पण शिंप्याच्या कामाला धंदा म्हटलं गेलं आणि त्यांच्या कामाला 'घरी बसून थोडंफार'. दर्जींचा इतिहास थोडातरी लिहिला गेला, यांच्या कमाईची नोंद कुठल्या वहीत झाली नाही.

पुढच्या ईदला अम्मी तीच पॅंट काढायची, दुमड उसवायची आणि दोन बोटं लांबी वाढवायची. जुन्या घडीची फिकट रेघ घोट्यावर राहायची. तेव्हा मित्रांसमोर मला तिची लाज वाटे. आज वाटतं, त्या बायकांच्या कामाची लिहिलेली नोंद तेवढीच होती.