एक गुरू, अनेक हात : मैहरच्या बाबांची शिकवणी

आज आपण मध्य प्रदेशातल्या मैहरला जाऊ. शारदामातेच्या डोंगराखालचं हे गाव तेव्हा एक छोटं संस्थान होतं. राजे ब्रिजनाथ सिंह यांच्या पदरी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ होते. सगळे त्यांना ‘बाबा’ म्हणत. स्वतः बाबा रामपूरच्या वझीर खाँसाहेबांकडे, म्हणजे तानसेनाच्या परंपरेत शिकलेले.

१९३८ साली १८ वर्षांचे रविशंकर त्यांच्याकडे आले. थोरले भाऊ उदयशंकर यांच्या नृत्यमंडळातून युरोप-अमेरिका फिरलेला, उंची कपड्यांची सवय असलेला हा मुलगा. बाबाही काही काळ त्या मंडळाबरोबर परदेशी होते. बाकी सगळं सोडून एकाच वाद्यामागे लागशील तरच शिकवीन, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. मैहरला वाट्याला आली ती बाज आणि तासन्‌तास रियाज.

आता प्रश्न असा, की बाबा मुख्यतः सरोदिये. मग सतार कशी शिकवली? तर गाऊन. बाबा जागा गळ्यातून दाखवत, शिष्यानं ती आपल्या तारेवर शोधायची. बोटांची नक्कल करायची सोयच नव्हती. म्हणून एकाच घरात अली अकबरांचा सरोद, रविशंकरांची सतार आणि अन्नपूर्णादेवींचा सुरबहार असे तीन वेगळे आवाज तयार झाले. मुलीला तर बाबांनीच सतारीवरून सुरबहारकडे वळवलं. तिचा शांत स्वभाव त्यांनी ओळखला होता. १९४७ मध्ये निखिल बॅनर्जी आले ते लहानपणीच स्पर्धा जिंकून, रेडिओवर वाजवून. तेही सतारियेच, पण त्यांची सतार ऐका. ती रविशंकरांची वाटत नाही.

बाबांच्या रागाचे किस्से आपल्याकडे फार चवीनं सांगितले जातात. अली अकबरांनी लहानपणी मार खाल्ला, हे त्यांनीच सांगितलंय. पण रविशंकरांवर बाबांनी हात उचलला नाही. मुंबईच्या बंदरावर निरोप देताना आईनं मुलाला बाबांच्या हाती सोपवलं होतं, तो शब्द त्यांनी पाळला. एकदा नुसते रागावले, तर रविशंकर सामान बांधून निघाले होते. त्यांना समजावून थांबवावं लागलं. म्हणजे मार खाल्लेला आणि न खाल्लेला, दोघेही मोठे वादक झाले. मग छडीला श्रेय कशाला द्यायचं? सगळ्यांत समान होतं ते गाऊन शिकवणं, आणि समोरचं मूल ओळखणं.

याचा पुरावा पुढे मुंबईत मिळाला. मैफली सोडून दिलेल्या अन्नपूर्णादेवींकडे हरिप्रसाद चौरसिया आले. तेव्हा ते सिनेसंगीतात नाव कमावलेले बासरीवादक होते. बाईंनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. जुन्या सवयी मोडाव्यात म्हणून हरिजींनी बासरी उजवीकडून डावीकडे धरायला घेतली. बाई सुरबहार वाजवणाऱ्या, शिष्य बासरीवाला, आणि मधला पूल पुन्हा गळाच.

१९७२ मध्ये बाबा गेले, २०१८ मध्ये अन्नपूर्णादेवी. आपल्या घरातलं मूल वाद्य शिकत असेल, तर एवढंच पाहा : गुरुजी त्याला स्वतःसारखं वाजवायला लावतात, की त्याचा स्वतःचा आवाज शोधायला? पुढच्या भागात भेटू.