माऊस शिकवणारा बदाम सात

माऊस धरायला मराठवाड्याला कोणी शिकवलं? शासनाने, क्लासच्या सरांनी की अभ्यासक्रमाच्या पुस्तकाने? माझं उत्तर वेगळं आहे: बदाम सातने.

माऊसचा जन्म बहुतेकांना ठाऊक आहे. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली लाकडी ठोकळ्याखाली दोन चाकं बसवली. १९८४ साली मॅकिन्टॉशबरोबर माऊस सामान्यांच्या टेबलावर आला. २००२ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, औरंगपुऱ्यापासून टीव्ही सेंटरपर्यंतच्या क्लासांत तो नोकरीच्या उमेदवारांच्या मुठीत आला. पण हात टेबलावर आडवा सरकतो आणि बाण उभ्या पडद्यावर चढतो. हा मेळ नवख्याला जमला कसा?

दुवा आहे मे १९९० च्या विंडोज ३.० मध्ये. तिच्यासोबत सॉलिटेअर हा एकट्याने खेळायचा पत्त्यांचा खेळ आला. मायक्रोसॉफ्टमध्ये इंटर्न असलेल्या वेस चेरीने तो लिहिला, पत्ते सुझन केअर यांनी रेखाटले. गड्डीवर क्लिक केलं की पान उलटतं. बटण दाबून धरलं की पान ओढता येतं. डबल क्लिक केलं की पान थेट वरच्या जागी जातं. माऊसचे तीन मुख्य धडे एकाच डावात!

आता वरच्या त्या चार जागा पाहा. इस्पिकावर इस्पिक, बदामावर बदाम, एक्क्यापासून राजापर्यंत चढत जायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बदामाची सत्ती टाकून तिच्या एका अंगाला छक्की, दुसऱ्या अंगाला अठ्ठी लावणाऱ्या मराठी पोराला यात शिकायचं काय उरलं? डोक्याला नियम पाठ होते, शिकायचं होतं फक्त हाताला. खालच्या रांगांत लाल-काळं आलटूनपालटून उतरतं, ते बदाम सातात नाही, हे मान्य. पण क्रम लावण्याची नजर तीच, आणि आपलं पान केव्हा लागेल याची वाट पाहणंही तेच.

काही जण श्रेय विंडोजमधल्या पेंट या चित्रं काढण्याच्या प्रोग्रॅमला देतात. मला ते पटत नाही. पेंटमध्ये रेघ कुठेही गेली तरी चालते, तिथे नेम चुकतच नाही. माइनस्वीपरने राइट क्लिक शिकवलं हे खरं, पण एक चूक झाली की डाव संपतो आणि नवखा बिचकतो. मॅकिन्टॉशमधलं सरकत्या ठोकळ्यांचं कोडं सगळ्यांत जुनं, मात्र त्यात ओढणं नव्हतंच, नुसतं क्लिक. सॉलिटेअरमध्ये चुकीच्या जागी सोडलेलं पान निमूट परत जातं. चूक कळते, शिक्षा होत नाही. इतका समजूतदार शिक्षक दुसरा नाही.

मायक्रोसॉफ्टने हा खेळ माऊसच्या सरावासाठीच दिला, असं सर्रास सांगितलं जातं. पण चेरीने तो स्वतःच्या हौसेपोटी लिहिला होता. माझा अंदाज असा: लिहिताना उद्देश हौसेचा असेल, पण तो सोबत द्यायचं ठरवणाऱ्याला ओढण्याचा हा सराव दिसला असणारच.

२०१२ च्या विंडोज ८ मधून सॉलिटेअर वगळला गेला, २०१५ च्या विंडोज १० सोबत परतला. आज क्लासला येणारी मुलं मोबाईलवर वाढलेली आहेत. काचेवर बोट ठेवलं की तिथेच काम होतं, ही त्यांची सवय, त्यामुळे हात एकीकडे आणि बाण दुसरीकडे हा जुना घोळ त्यांनाही नवा आहे. पन्नाशीच्या मावशींची अडचणही तीच. म्हणून क्लासच्या सरांना आणि मॅडमना माझं कळकळीचं सांगणं आहे: वर्ड उघडण्याआधी पहिला तास पत्त्यांना द्या. मावशींना एवढंच म्हणा, ‘बदाम सात येतं ना? मग लावा पानं.’