जावरचे खोरे आणि आपले पितळ

पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिलाफ, हे आम्हां कासारांच्या घरी मुलांसही ठाऊक असते. परंतु आपल्या देशात जस्त कोठे व कसे निघू लागले, हे थोड्यांसच ठाऊक असेल. त्या स्थळाचा अल्प परिचय ज्ञातिबंधुभगिनींस करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरांवर, अरवलीच्या रांगांत, टिडी नदीच्या खोऱ्यात जावर हे गाव आहे. मोचिया, बलारिया, जावरमाला या भोवतालच्या डोंगरांच्या पोटात शिसे व जस्त यांची खनिजे एकत्र सापडतात. जुन्या खाणींतील लाकडांच्या परीक्षणावरून तेथील खोदकाम दोन हजार वर्षांहून प्राचीन ठरते. कठीण खडक आगीने तापवून, तडकवून खाणकरी खोल उतरत गेले.

जस्त निराळे काढणे मात्र फार अवघड. भट्टीच्या उष्णतेत ते वाफ होऊन निसटते, आणि त्या वाफेस हवा लागताच जळून भस्म होते. जावरच्या कारागिरांनी ती वाफच खाली उतरविली. खनिजाच्या गोळ्या वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भरून, तोंडाशी नळी जोडून, मूस भट्टीत उपडी ठेवीत. वर अग्नी, खाली थंड कोठी. नळीतून उतरता उतरता वाफेचे जस्त होई. एकेका भट्टीत अशा ३६ मुशी असत. ‘रसरत्नसमुच्चय’ ग्रंथातही वांग्याच्या आकाराच्या मुशीचा उल्लेख आहे. इंग्लंडात विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या कृतीचे पेटंट १७३८ साली घेतले. जावरच्या भट्ट्या त्यापूर्वी कित्येक शतके पेटलेल्या होत्या.

अठराव्या शतकात मेवाड जर्जर झाले. त्यास मराठी फौजांच्या स्वाऱ्याही कारण होत्या, हे आपण लपवू नये. पुढे १८१२ च्या सुमारास दुष्काळ पडला आणि उरलेसुरले कामही थांबले. विसाव्या शतकात खाणी पुन्हा सुरू झाल्या. १९८३ च्या उत्खननात मुशींसह जुन्या भट्ट्याही सापडल्या. परंतु त्यांपुढे बसणाऱ्या कारागिरांची नावे इतिहासाने राखली नाहीत, आणि त्यांची कृती विद्वानांस राखेतून व खापरांतून शोधावी लागली.

ओतकाम व ठोककाम जाणणारे वृद्ध आज आपल्याही ज्ञातीत थोडेच उरले आहेत. त्यांची नावे, त्यांची हत्यारे व त्यांच्या कृती प्रत्येक कुटुंबाने लिहून ठेवाव्यात, एवढीच आमची नम्र विनंती आहे.