सासष्टीतील एक प्रश्न

युरोपच्या प्रबोधनकालाचा विषय निघाला की प्रथम फ्लॉरेन्स आठवते, रोम आठवते, मायकेलअँजेलोची शिल्पे डोळ्यांपुढे येतात. त्याच प्रबोधनाचे एक अपत्य आपल्या मराठीत जन्मले, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानी नसते.

चौदाव्या शतकात पेत्रार्क हा कवी जुन्या हस्तलिखितांच्या शोधात हिंडू लागला. १३४५ मध्ये व्हेरोना येथे त्याला सिसेरोची पत्रे सापडली. त्याच्या वाटेने गेलेल्या विद्वानांना आपण मानवतावादी म्हणतो. त्यांनी देवाला दूर सारले, असा एक समज आहे. तो मला मान्य नाही. मूळ ग्रंथ मूळ भाषेत वाचावा, हा त्यांचा आग्रह होता. १५१६ मध्ये नव्या कराराची ग्रीक संहिता छापणारा इरॅस्मस स्वतः धर्मगुरूच होता. नांगर धरणाऱ्या शेतकऱ्यालाही शास्त्रवचने आपल्या भाषेत गाता यावीत, अशी त्याची इच्छा होती.

बरोबर शंभर वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यातील राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. इंग्लंडमध्ये जन्मलेले स्टीफन्स १५७५ मध्ये रोम येथे येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोहोचले. येशूसंघाच्या विद्यालयांत तेव्हा सिसेरो आणि व्हर्जिल मन लावून शिकवीत. असा शिकलेला मनुष्य परकी भाषा कानी पडताच तिची घडण शोधू लागतो. १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. त्यांनी कोकणीचे व्याकरणही रचले. ते त्यांच्या निधनानंतर, १६४० मध्ये छापले गेले.

पुराणाच्या प्रारंभी सासष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही सोडायला लावलीत, मग त्यांच्या जोडीचे दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? या ठिकाणी मी दरवेळी थबकतो. देवळे पाडली गेली, ग्रंथ हिरावले गेले, आणि त्या पोकळीतूनच हा प्रश्न उठला आहे. त्याचे उत्तर म्हणून स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. ओवी आपल्या संतांची, कथा बायबलची. दुसऱ्याच्या वाङ्मयाचा बाज इतक्या आदराने स्वीकारणारा मनुष्य त्याच सत्तेच्या छत्राखाली वावरत होता, ही विसंगती आपण लपवू नये.

सत्तेला तो आदर पेलला नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने फर्मान काढले : तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ख्रिस्तपुराण मात्र टिकले, ते सामान्य घरांच्या आधाराने. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा ते रोमन लिपीत छापले गेले होते; त्यांपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. उरली ती हाताने उतरवलेली हस्तलिखिते. त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे सालढाणा यांनी आवृत्ती काढली. तीही रोमन लिपीतच होती.

ज्या लिपीत मराठी माणूस वाचतो, त्या देवनागरीत ते छापले गेले ते १९५६ मध्ये, आपल्या पुण्यात, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने. सेमिनरीत असताना ग्रंथालयातील ती जाडजूड प्रत मी प्रथम हाती घेतली. तोवर सिसेरोचे उतारे मला तोंडपाठ होते. ख्रिस्तपुराणाची एकही ओवी येत नव्हती.